हन्नाबाईंचं बारा रुपयांचं घर

कासारबोरीच्या म्युनिसिपालटीचे घरपट्टी कारकून गहिनीनाथ लवांडे आणि हन्नाबाई आढाव यांची पहिली भेट झाली, तेव्हा बोर्डिंगच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली, विहिरीवरचा रहाट अर्ध्यात थबकला आणि चर्चच्या मनोऱ्यावरची कबुतरं जी उडाली ती थेट शेवगावला जाऊन उतरली. कारण हन्नाबाईंनी दार उघडून लवांड्यांना "या" म्हटलं होतं.

घरपट्टीवाल्याला "या" म्हणणारा माणूस त्या गावानं तोवर पाहिला नव्हता. लवांडे हातात टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी दिसले की अख्खं गाव घटकाभर भिकेला लागायचं. ओटीवरची पितळी भांडी माजघरात लपायची, परसातली शेळी बैठकीच्या खोलीत यायची, आणि सकाळी विहिरीत सूर मारणारे म्हातारे खाटेवर पडून कण्हायला लागायचे. सहादेव तांबटानं तर आपल्या नव्याकोऱ्या माडीबद्दल देवाशपथ सांगितलं होतं की वरच्या खोलीत भूत राहतं आणि ते भाडं देत नाही.

तेव्हा "या" ऐकल्यावर लवांड्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी पाहुणा उभा नव्हता.

"तुमालाच म्हणते," हन्नाबाई म्हणाल्या. "सलाम. आत या आन आमचं घर बघा. असं घर उभ्या जिल्ह्यात बघितलं नसंल तुमी."

हे त्या साध्या आवाजात म्हणाल्या, पण हन्नाबाईंचा साधा आवाज गावच्या वेशीपर्यंत जायचा. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी उभा जन्म स्वयंपाक केला होता. एका हाकेत शंभर मुलींना पंगतीला बसवणारा तो आवाज म्हातारपणी दोन खणांच्या घरात राहायला आला होता आणि त्याला जागा पुरत नव्हती. नवरा गिदोन, चर्चची घंटा वाजवायचा. तो वारल्यावर बाईंनी बोर्डिंग सोडलं, साठवलेल्या पैशातून हे घर घेतलं, आणि आपण राजवाडा घेतला अशी स्वतःची खात्री करून घेतली. भिंती मातीच्या, वर कौलं, पुढे एवढीशी ओसरी. ओसरीवर दोन माणसं बसू शकत, फक्त त्यांचं आपसात पटत असायला हवं.

लवांड्यांचं काम अंदाजाचं होतं. मालक स्वतः घरात राहत असला तरी ते भाड्यानं दिलं तर वर्षाचं किती येईल हे ठरवायचं, आणि त्यावर पट्टी बसवायची. आता कासारबोरीत भाडेकरू आणायचा कुठून? ज्याला घर होतं तो आपल्या घरात राहायचा, नव्हतं तो सासऱ्याच्या. शेवटी लवांड्यांनी एक भाडेकरू मनानंच तयार केला. पारनेरच्या कोरडवाहू शिवारात वाढलेले ते, न आलेलं पीक डोळ्यांपुढे डुलताना बघायची त्यांना लहानपणापासून सवय होती.

हा भाडेकरू बदली होऊन आलेला पोस्टमास्तर होता. उंच, निर्व्यसनी, बायको जरा चिकित्सक. लवांडे कुठल्याही घरात शिरताना त्याला बरोबर घेऊन शिरत, दारात त्याच्यासाठी मान वाकवत, चुलीपाशी त्याच्या बायकोच्या नजरेनं धूर कुठे जातो ते बघत. वर्षं गेली तसा त्याचा संसार वाढत गेला. पोस्टमास्तरीणबाईंचे गुडघे दुखू लागले, त्या सालापासून उंच पायऱ्यांच्या घरांचं भाडं कमी झालं. गाव याला हसायचं, पण पट्टी ठरली की निमूट भरायचं, कारण पोस्टमास्तर कुणाची लाच खात नसे.

हन्नाबाईंनी ही सगळी हकिगत ऐकली होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन ताटं वाढली, एक लवांड्यांना आणि एक पोस्टमास्तराला.

"बसू द्या त्येला बी. उन्हातनं आलाय."

बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी होती. लवांड्यांनी आपलं ताट संपवलं आणि मग, अन्न वाया जाऊ नये म्हणून, पोस्टमास्तराचंही. हात धुऊन ते खिडकीशी गेले, खिडकी उघडली आणि तितक्याच घाईनं मिटली.

समोर उकिरडा होता. गावातल्या कचऱ्याच्या सगळ्या गाड्या म्युनिसिपालटी बोर्डिंगच्या गल्लीच्या टोकाला रिकाम्या करायची. तो ढीग इतक्या वर्षांचा होता की त्याच्यावर एक बाभळ उगवून मोठी झाली होती.

"नऊ रुपये," लवांडे ओशाळून म्हणाले. "घर चांगलं आहे मावशी. पण पोस्टमास्तरीणबाई नाकाला पदर लावून टांग्यात परत जाऊन बसल्या."

आता कुणीही दुसरं असतं तर नऊ रुपये ऐकून त्यानं देवापुढे नारळ फोडला असता. हन्नाबाईंचा चेहरा मात्र पडला. आणि मग त्यांनी लवांड्यांना जे सांगितलं ते ऐकून लवांडे परत खाली बसले.

वॉर्डाचे मेंबर होते राधाकृष्णराव, धान्याचे व्यापारी. हन्नाबाई त्यांच्याकडे उकिरडा हलवा म्हणून सांगायला गेल्या होत्या. मेंबरांनी त्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं, आणि मतदारांची यादी काढून विचारलं, बाई, तुमचं नाव यात कुठे आहे? नाव नव्हतं. त्या काळी म्युनिसिपालटीचं मत घराच्या मोलावर मिळायचं. वर्षाला बारा रुपये भाडं येईल इतकं तरी घर पाहिजे. निवडणूक पुढच्या साली होती. मेंबर म्हणाले, यादीत या, मग बोलू.

"म्हंजी बघा," हन्नाबाई म्हणाल्या, "उकिरडा हाय म्हनून घर नऊचं. नऊचं हाय म्हनून मत न्हाई. आन मत न्हाई म्हनून उकिरडा हाय. ह्यातनं मानसानं निघायचं कसं?"

नोकरीत केस पांढरे झाले तरी लवांड्यांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पट्टी कमी करा म्हणून लोकांनी त्यांचे पाय धरले होते, शिव्या दिल्या होत्या, एकानं आपली मुलगी देऊ केली होती. पण वाढवा म्हणणारं माणूस हे पहिलंच. ते म्हणाले, "मावशी, माझ्याच्यानं खोटं लिहवणार नाही. पण घर तुम्ही सुधारा. मी पोस्टमास्तराला घेऊन पुन्हा येतो."

झालं. बोर्डिंगची गल्ली पेटून उठली. जी माणसं स्वतःच्या घरात शेळ्या बांधून गरिबी दाखवायची, ती हन्नाबाईंचं घर श्रीमंत करायला धावली. मोझेस सुतारानं उकिरड्याकडची खिडकी काढून दुसऱ्या बाजूला बसवली. शेजारच्या दीनाबाईंनी आपल्या लग्नातला पडदा दिला. शाळेत जाणाऱ्या पोरींनी चुना फासला, भिंतींना थोडा आणि एकमेकींना जास्त. दोन उंच पायऱ्यांच्या चार बुटक्या पायऱ्या केल्या, पोस्टमास्तरीणबाईंचे गुडघे लक्षात घेऊन. लवांडे येणार म्हटलं की गल्लीत जत्रा भरायची. ते दारात मान वाकवायचे आणि सगळी गल्ली श्वास रोखून त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायची.

"आवडलं का त्येला?" मोझेस विचारायचा.

"त्याला आवडलंय. तिचं बघतो," लवांडे म्हणायचे.

नवाचे दहा झाले. पायऱ्यांनी साडेदहा केले. दर खेपेला हन्नाबाई दोन ताटं वाढायच्या आणि लवांडे दोन्ही संपवायचे. त्या हंगामात त्यांचा कोट पोटावर बसेनासा झाला. पण साडेदहावर गाडी अडली ती अडलीच. वारा फिरला की पडदा, चुना, नवी खिडकी, सगळं कवडीमोल व्हायचं.

"दीड रुपया उकिरडा खातो मावशी," लवांडे म्हणाले. "आता हरकत घ्या. कमिटीपुढं सुनावणी होईल. तिथं मी खरं तेच सांगणार. पुढचं तुम्ही बघा."

सुनावणीच्या दिवशी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पट्टी कमी करून घ्यायला आलेले लोक ठेवणीतले फाटके सदरे घालून ओळीनं बसले होते. त्यांच्यात हन्नाबाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आल्या, मागे सगळी गल्ली. अध्यक्षाच्या खुर्चीत राधाकृष्णराव होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, की तुमची हरकत कळली बाई, महायुद्ध आत्ताच संपलंय, म्युनिसिपालटीकडे पैसा नाही, यंदा काही कमी होणार नाही.

"कमी न्हाई," हन्नाबाई म्हणाल्या. "वाढवा."

कमिटीतले एक मेंबर डुलकीतून जागे झाले. दुसऱ्यांनी लवांड्यांना हळूच विचारलं, की बाईंना ताप वगैरे आहे का. ओळीतल्या लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली, कारण हे वारं पसरलं तर सगळ्यांचंच कठीण होतं.

लवांडे उठले. त्यांनी सांगितलं की घर बारा रुपयांचं आहे, निःसंशय आहे. दीड रुपया आपण उकिरड्यापायी कापला आहे.

राधाकृष्णरावांनी आता मान वर केली. ते व्यापारी होते. एका बाईचा दीड रुपया कुठवर जाईल हे त्यांना लगेच दिसलं. उकिरड्यानं घराचं मोल उतरतं असं म्युनिसिपालटीनं एकदा कबूल केलं, की आसपासच्या चार गल्ल्या उद्या पट्टी कमी करा म्हणून दारात. शिवाय त्यांचं स्वतःचं धान्याचं कोठार उकिरड्याला पाठ लावून उभं होतं, आणि तिथला माल स्वच्छ जागेतला म्हणून विकला जायचा.

"त्या उकिरड्याचा कुणाला काही त्रास नाही," ते ठासून म्हणाले. "लवांडे, तुम्ही उगीच कापलंत."

"त्रास न्हाई?" हन्नाबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मग लिवा की तसं. बारा करा."

राधाकृष्णरावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बाहेर पडायला वाट नव्हती. त्यांनी शब्दाशब्दाला थांबत ठराव सांगितला आणि लवांड्यांनी तो इतक्या झपाट्यानं उतरवला की शाईचे शिंतोडे शेजारच्या मेंबरांच्या धोतरावर गेले. सदर घराचे वार्षिक भाडे रुपये बारा धरण्यात यावे.

मग जो गलका झाला, तो पाथर्डीच्या बाजारातही कधी झाला नसेल. मोझेसनं लवांड्यांना उचलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही ताटांचा परिणाम बघून सोडून दिला. पोरींनी चर्चची घंटा वाजवली. कोण वारलं म्हणून पाद्रीसाहेब अर्ध्या दाढीनं धावत आले. गल्लीनं घराघरातली रेशनची साखर एकत्र केली आणि हन्नाबाईंनी बोर्डिंगच्या मापानं शिरा केला, म्हणजे शंभर माणसांचा. फाटक्या सदऱ्यांतले लोकही येऊन खाऊन गेले. पोस्टमास्तराचं ताट ओसरीवर वेगळं मांडलं होतं.

तो शिरा खाताखाताच लवांडे एकदम थांबले. ठरावाचा पुढचा भाग त्यांना आठवला होता. त्यांनीच स्वतःच्या हातानं, आनंदाच्या भरात, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं, की सदर उकिरड्यापासून रहिवाशांस कोणताही त्रास नाही. आता उकिरडा हलवा म्हणून कुणीही अर्ज केला की हाच ठराव त्याच्या पुढ्यात ठेवतील. त्यांनी घास तसाच हातात धरून हन्नाबाईंना ते सांगितलं.

हन्नाबाईंनी लवांड्यांच्या ताटात आणखी शिरा वाढला.

"असू दे लेकरा. कागद त्येंचा, मत माजं. मत मागाया दारात येतील ना? तवा बघते."

आणि त्या तयारीला लागल्या. मोझेसकडून त्यांनी एक खुर्ची करून घेतली, हातांची, बसलं की सहज उठता न येणारी. ती ओसरीवर उकिरड्याकडे तोंड करून ठेवली. त्या खुर्चीत मेंबरांना बसवायचं, गरम भरीत-भाकरी वाढायची, आणि वारा त्या बाजूनं सुटेपर्यंत आग्रह करकरून जेवू घालायचं, असा त्यांचा बेत होता. आपण काय बोलायचं ते त्या दळताना मोठ्यानं म्हणून बघायच्या, आणि सगळ्या गल्लीला ते पाठ झालं होतं. यादी लागली त्या दिवशी त्यांनी लवांड्यांना सोबत नेऊन आपलं नाव बघितलं, बोट ठेवून पुन्हा बघितलं, आणि मग ते दाखवायला दीनाबाईंनाही तिथं घेऊन आल्या. वाढीव पट्टी त्यांनी पहिल्याच दिवशी जाऊन भरली. पोचपावती घडी करून बायबलात ठेवली.

त्या वर्षी बोर्डिंगच्या गल्लीच्या वॉर्डात निवडणुकीला अर्ज एकच आला. राधाकृष्णराव बिनविरोध निवडून आले आणि मतदान झालं नाही.