शिवीची फर्माईश

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, भाषाविज्ञानाच्या एम.ए.च्या वर्गात, भर दुपारी, लालबागच्या एका सत्तेचाळीस वर्षांच्या बाईकडे शिवी मागण्यात आली. शोकसभा घेऊ नये. बाई ठणठणीत आहे. ती बाई मी.

"एखादी शिवी द्या ना, ताई," सर म्हणाले. "लाजू नका. तुमच्याकडे तर घराघरात चालतात."

मी फळ्यासमोरच्या खुर्चीत. पुढ्यात रेकॉर्डर. समोर माझाच वर्ग, वह्या उघडून. कालपर्यंत मीही त्यांच्यातच, तिसऱ्या बाकावर बसत होते.

ही खुर्ची मला कशी मिळाली ते सांगते. संशय आधीच आला होता, कारण सरांनी मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. सर गिरगावातले. घरात आजोबांपासून सगळे वकील नाहीतर प्राध्यापक. वर्षभर त्यांना माझं नाव धड आठवत नव्हतं आणि अचानक चहा, वर "साखर बरोबर आहे ना?" आमच्या चाळीत कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की आम्ही आधी दाराची कडी तपासतो. चहा प्यायले. एक डोळा सरांवर ठेवून.

मी लघुप्रबंधाला विषय दिला होता: गिरणगावातल्या मालवणी बायकांचं बोलणं. म्हणजे माझी आई, मावशी, आमचा सगळा मजला. परळच्या एका इस्पितळात खिडकीवर केसपेपर काढण्यात अर्धा जन्म गेला माझा. नोकरी सांभाळून या वयात एम.ए.ला आले ती या एका विषयासाठी.

"विषय सुंदर आहे," सर म्हणाले. "पण तुम्ही त्याच्या फार जवळच्या. अभ्यासाला अंतर लागतं. सानिका लिहील. तुम्ही तिच्या निवेदक व्हा."

निवेदक म्हणजे ज्याची बोली टिपून घ्यायची तो माणूस. त्याने खुर्चीत बसून बोलायचं. विचारणार, लिहिणार दुसरा. प्रबंधावर नावही त्या दुसऱ्याचंच.

मी म्हटलं, "बघू." सरांनी त्याचा होकार करून टाकला आणि दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक ठेवलं.

सानिका माझ्याच वर्गातली, शिवाजी पार्कची. गोड पोरगी. माझ्या डब्यातली सोलकढी हक्काने पिणारी. ती समोर येऊन बसली आणि सावकाश, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "ताई... तुम्ही... घरी... पाणी... कसं... मागता?"

"अगं, काल रात्री फोनवर तासभर टकळी चालली होती ना आपली? तेव्हा बरं नीट बोलत होतीस!"

"मराठीत नको, ताई. बोलीत," सर म्हणाले.

"माका पाणी दी गो."

वर्ग हसला. मागून कुणीतरी "माका, माका" केलं. हे हसू माझ्या ओळखीचं. शाळेत याच शब्दावरून बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं होतं. तेव्हापासून माझं बाहेर एक बोलणं, घरात एक. आता त्याच घरातल्या बोलण्याला मागणी आली होती. मागणी त्याला. मला नाही.

आणि मग ती शिवीची फर्माईश.

माझी आई शिवी द्यायची. तापाने फणफणलेल्या पोराला द्यायची, नळावर मध्ये घुसणारीला द्यायची, नवऱ्याच्या फोटोला हार घालताना द्यायची. कुणाच्या सांगण्यावरून मात्र कधीच नाही. आणि खरं सांगू? एक अस्सल शिवी माझ्या जिभेच्या टोकावर आलीही होती. सरांना शोभूनही दिसली असती. पण ती त्यांनी टिपून घेतली असती. अर्थासकट. फुकटात!

मी उठले. खुर्ची फरफटत नेली आणि सरांसमोर ठेवली.

"विषय माझा. लिहिणार मी. माझ्या आईचं बोलणं मी दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देणार नाही. या खुर्चीत परत बसणार नाही. नापास करायचं तर करा. पुढच्या वर्षी हाच विषय घेऊन येईन. त्याच्या पुढच्या वर्षीही."

सानिकाने पेन खाली ठेवलं. लाज वाटली की शाई संपली, मी अजून संशयातच आहे.

"आणि सर, तुमचं पुस्तक तुमच्याच वाडीतल्या, तुमच्याच घरच्या बोलण्यावर आहे. तुम्ही कुठून आणलंत अंतर? बसा. मी विचारते, तुम्ही बोला. तुमची बोली टिपून घेते."

सरांचे कान लाल झाले. खुर्चीकडे बघत राहिले. सगळ्या बोली सारख्याच मोलाच्या, असं आम्हाला वर्षभर शिकवणारा तो माणूस अख्ख्या वर्गादेखत ओरडला,

"अहो, आमची कुठली बोली? आमची ती भाषा!"