स्मारकावरचं खरवडलेलं नाव

ते प्रकरण आठवलं की आजही घास गोड लागत नाही. त्यात ना चोरी होती, ना खून. कोर्टापर्यंतही काही गेलं नाही. तरी मोठमोठ्या तपासांपेक्षा तेच जास्त टोचतं.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीच्या बाजूच्या एका बौद्ध वस्तीने लष्करात गेलेल्या आपल्या माणसांचं स्मारक बांधलं होतं. काळ्या दगडावर 'रणांगणावर लढलेले आमचे वीर' आणि खाली सतरा नावं. उद्घाटन रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी कळलं की त्यातलं एक नाव कुणीतरी छिन्नीने खरवडून काढलंय. शेजारच्या वाडीशी वस्तीचा जागेवरून वाद होता, त्यामुळे संशय कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. दहापर्यंत ठाण्यासमोर गर्दी जमली. आम्ही वाडीतल्या तिघा तरुणांना उचलून आणलं. ते एकच बोलत होते, "साहेब, आम्ही झोपलेलो, आईशप्पथ!"

ज्यांचं नाव गेलं ते निवृत्त सैनिक तक्रारदारांबरोबर आले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. पीडित कोण आणि आरोपी कोण हे मनात आधीच ठरवून टाकायची आम्हा पोलिसांना वाईट खोड असते.

पंचनाम्याला गेलो तेव्हा मात्र खटकलं. दगडाचा चुरा झाडून कोपऱ्यात नीट गोळा केलेला. बाकी सोळा नावांना ओरखडासुद्धा नाही. नासधूस करणारा मागे झाडू मारत बसत नाही. तेवढ्यात बीटचा हवालदार एका रिक्षावाल्याला घेऊन आला. तो म्हणाला, "साहेब, उजाडताना मी रिक्षा पुसत होतो. एक म्हातारा चपला खाली काढून स्मारकाच्या चौथऱ्यावर चढला. पहिले हात जोडले, मग ठोकायला लागला."

"कोण होता?"

"तेच बाबा ना, ज्यांचं नाव गेलंय ते."

मी बाबांना माझ्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. म्हणालो, "बाबा, तुमच्यापायी तीन पोरं आत बसलीत." मग ते बोलले.

"साहेब, मी लढलो नाय. पलटणीत सफाईवाला होतो. सगळी नोकरी संडास धुतले. बापाने दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली, आणि मी सरकारी झाडू धरला. घरी सांगितलं, शिपाई आहे. नातू शाळेत सांगतो, आजा लढाईत होता. त्या सोळा जणांत मी कुठल्या तोंडाने उभा राहू?" मग हात जोडून म्हणाले, "सहा वाजता विहारात वंदनेला सगळे येतात. तिथे मी स्वतः सांगतो. तेवढा टाइम द्या."

मी "बरं" म्हणालो.

तीनच्या सुमारास वाडीची माणसंही जमू लागली. वरिष्ठांचा फोन आला, "काय असेल ते आत्ता मिटव." मी तिघांना सोडलं आणि बाहेर येऊन सांगितलं की नाव बाबांनीच काढलंय. इथे थांबलो असतो तरी भागलं असतं. पण गर्दीतून "का?" असा आवाज आला आणि मी तेही सांगून टाकलं. गर्दीत त्यांची बायको, सून आणि नातू उभे होते, हे मला नंतर कळलं.

गर्दी पांगली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. वस्तीही मोठ्या मनाची. त्यांनी वरची ओळ बदलून 'लष्करात सेवा केलेले' अशी केली आणि बाबांचं नाव पुन्हा कोरून घेतलं. स्मारक समितीचे अध्यक्ष मला म्हणाले, "साहेब, बाबांनी सांगितलं असतं तरी आम्ही हेच केलं असतं." रविवारी बाबा मात्र आले नाहीत. ते वांगणीला लेकीकडे निघून गेले, ते कायमचेच.

निवृत्तीनंतर धीर करून तिथे गेलो. त्यांनी "जय भीम, साहेब" म्हणून आत बोलावलं, लेकीला चहा टाकायला सांगितलं. मी माफी मागितली.

"तुम्ही खोटं नाय बोललात, साहेब," ते म्हणाले. "पण जन्मभर खोटं बोललो आणि एकदाच खरं बोलायची हिंमत केली होती. तेवढं तरी माझ्या तोंडून निघू द्यायचं होतं."

खरं शोधून काढणं हे पोलिसाचं काम, पण ते कुणी सांगायचं हे ठरवण्याचा हक्क मला कुणी दिला नव्हता. नोकरीत कितीतरी कबुलीजबाब मी नोंदवले. त्या दिवशी एक चोरला.