भरतीचं पाणी आन् माझी नक्कल

आज जुन्नरच्या बाजारात सुक्या बोंबलाचा वास आला आन् मी उभ्या जागी कोकणात जाऊन पोचलो. बारा वर्सं झाली असतील. कागदी मोहल्ल्यातला हसन आन् मी नाणेघाट उतरून पयल्यांदाच दर्यात गळ टाकायला गेलो व्हतो.

आमी कुकडी नदीत मासं धरणारी पोरं. मधल्या खडकावर जाऊन बसायचं, ही आमची रीत. दर्याकाठच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं आमच्या गळाला कोळंबी लावून दिली आन् बजावलं, "पोरांनो, पानी पाठीमागून भरतं. भरती लागली का खडक सोडा!"

तो वळला तशी मी कंबर वाकवून, तोंडाचं बोळकं करून "भरती लागली, खडक सोडा!" अशी त्याची नक्कल केली. हसन पोट धरून हसला. तवा ते हसू मला बक्षिसावानी वाटलं. आता वाटतं, म्हाताऱ्याचं सांगणं मीच हसनच्या कानातून काढून घेतलं.

हसन दर्याकडं तोंड करून खडकावर जाऊन बसला. मी वाळूत गुंतलेली दोरी सोडवत व्हतो. मान वर केली तं त्याच्या मागं छातीएवढं पाणी!

"हसन, भरती लागली! खडक सोड!"

"लई झ्याक! हुबेहूब म्हातारा!"

मी ओरडलो, रडलो, छाती बडवली. तो आणखीच हसला. दोनदा पाण्यात शिरलो, लाटंनं दोनदा वाळूवर आपटलं. मग खडक रिकामा दिसला.

म्हातारा दोर घेऊन आत शिरला, म्हणून हसन वाचला. खारं पाणी ओकून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं.

"राव, तू खरा कवा ओरडलास, ते कळलंच न्हाई."