पदरावरच्या बायका

मंगलताई गेल्याची बातमी मला आमच्या साडी-डिझाइनच्या स्टुडिओच्या ग्रुपवर मिळाली. "मंगळाबेन नथी रह्यां," असं शेठनी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची एक ओळ होती. मी ते वाचत असतानाच त्याच ग्रुपवर कलर-मॅचिंगवाल्यानं विचारलं, हिरव्यात निळा अजून वाढवू का. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ताईंनी तो ग्रुप पाहिला असता तर त्यांनी आधी हिरव्याचंच उत्तर दिलं असतं. आजारपणाच्या रजेवर असतानाही नवागामच्या घरून फोन करून त्या फायलींची चौकशी करायच्या, आणि मी त्यांच्या किडनीचं विचारलं की "डॉक्टर शेत ना त्याले," त्याला डॉक्टर आहेत, म्हणून फोन ठेवून द्यायच्या... आता काही आठवडे उलटलेत, म्हणून जरा शांतपणे लिहिता येतंय.

सुरतेत साडीच्या छपाईत 'फिगर' म्हणजे माणसाचं चित्र. वेलबुट्टी काढणारे शेकड्यांनी मिळतात, फिगरवाले थोडे, आणि त्यात बाई म्हणजे आमच्या पर्वत पाटियाच्या बाजूला तरी मंगलताई एकट्याच. धुळ्याकडून लग्न होऊन त्या इथे आल्या आणि तिकडचीच बोली बोलत राहिल्या. नवरा, म्हणजे आण्णा, लूमवर. छपाईच्या जाळीसाठी पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईनं नक्षी उतरवायची, त्याला ट्रेसिंग म्हणत. ते काम त्या एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसून शिकल्या. पुढे कॉम्प्युटर आले आणि फिल्मचं काम आटलं. त्यांच्याबरोबरच्या बायका साड्यांना टिकल्या चिकटवायला लागल्या. ताई मात्र पेन-टॅबसमोर जाऊन बसल्या. हात टेबलावर आणि रेघ उमटते समोरच्या पडद्यावर, याला त्या बरेच दिवस भुताटकी म्हणायच्या. पण बसल्या. हट्ट हा त्यांचा मूळ स्वभाव होता, चित्रकला नंतरची.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा माझी समजूत होती की मला सगळं येतं. वडील जालन्याकडून बांधकामावर आलेले, मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून फिगर शिकलेली. खांद्याचा स्नायू कुठून निघतो ते मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मी एक नर्तकी काढली आणि पडदा इतका मोठा करून काढली की तिच्या पापणीचा केस न् केस मोजता यावा. ताईंनी तिचा कापडी नमुना छापून घेतला, समोरच्या भिंतीला टाचला आणि मला पार पाण्याच्या कूलरपाशी नेऊन उभं केलं. तिथून नर्तकीच्या डोळ्यांच्या जागी नुसते दोन डाग दिसत होते. "शाई पसरस कपडावर," त्या म्हणाल्या. "बाई लग्नात जाई. लोके कोठून दखतीन तिले?" साडी लांबूनच बघतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मी पडदा मोठा करायला गेले की त्या नुसतं खाकरायच्या.

त्यांच्या बऱ्याचशा युक्त्या फिल्मच्या काळातल्या होत्या आणि त्यांनी त्या जशाच्या तशा कॉम्प्युटरवर आणल्या होत्या. फिल्म उलटी धरली की तिरपी मान, एक खांदा वर, सगळे दोष मागून उघडे पडायचे. आता एक बटण दाबलं की चित्र आरशासारखं फिरतं, तर त्या दर थोड्या वेळानं ते बटण दाबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. पायापासून सुरुवात करायच्या, कारण भार कुठल्या पायावर आहे ते ठरल्याशिवाय कंबर कुठे वळेल ते कळत नाही. आधी उघडं शरीर, मग त्यावर कपडे, मग दागिने. शेठ मागून गेले की त्या घाईघाईनं कपड्यांचा लेयर चालू करायच्या आणि गंभीर चेहऱ्यानं पुढे काम करायच्या. मला तेव्हा हसू आवरायचं नाही.

माझी सगळ्यात मोठी फजिती पदरावर झाली. घागरी घेतलेल्या बायकांची एक रांग मी साडीच्या अंगावर काढली होती आणि तीच रांग तशीच्या तशी पुढे पदरावर नेली. पडद्यावर सुंदर दिसत होती. ताईंनी नमुन्याचं कापड मागवलं, ते माझ्याच ड्रेसवरून गुंडाळलं, पदर खांद्यावरून मागे सोडला आणि मला सगळ्या मुलामुलींसमोर चालत जायला लावलं. मागून हशा उठला. अंगावर उभ्या असलेल्या बायका पदर खाली लोंबताच माझ्या पाठीवर आडव्या झाल्या होत्या, घागरींसकट. "ह्या बठ्ठ्या बाया जपी ग्यात का वं?" ताईंनी विचारलं. सगळ्या झोपल्या का, म्हणून. पदरावरची बाई पडद्यावर आडवी काढायची, म्हणजे पाठीवर ती उभी राहते. स्वतः साडी कधीतरीच नेसणाऱ्या माझ्यासारखीनंच ही चूक करावी. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

हे सगळं त्यांनी शिकवलं, हातचं राखून ठेवलं नाही. फक्त चेहरा दिला नाही. माझ्याकडे हात, पाय, केस, निऱ्या, दागिने. चेहऱ्याचा लेयर त्या कुलूपबंद ठेवायच्या आणि शेवटी स्वतः काढायच्या. फिगरच्या कामात चेहरा उस्तादाचा, ही जुनी रीत होती, पण रीत मोडायला त्यांना कधी संकोच वाटल्याचं मी पाहिलं नव्हतं. माझी अडचण अशी की चेहरा न काढणाऱ्याला फिगरवाला कुणी म्हणत नाही. दुसऱ्या स्टुडिओत जायचं म्हटलं तरी पहिला प्रश्न तोच, फेस करते का. म्हणून मी घरी बसून त्यांचे चेहरे गिरवले. ती बारीक हनुवटी, कोपऱ्यात सरकलेलं बुबुळ, जेमतेम मिटलेले ओठ. महिनोन् महिने गिरवून एक दिवस मी माझा एक चेहरा त्यांच्या चेहऱ्यांच्या रांगेत ठेवून त्यांना दाखवला. शेठना ओळखता आला नव्हता. ताईंनी क्षणात बोट ठेवलं, पण रागावल्या मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी.

"हाई मनं तोंड शे," त्या म्हणाल्या. "तुनं कोठे शे?" हे तोंड माझं, तुझं कुठंय, म्हणून.

मी म्हणाले, "ताई, तुमच्यासारखं येतंय तर काय वाईट आहे? माल घेणाऱ्या पार्टीला तेच पाहिजे असतं."

"मंग मी शे ना त्याले. तू तुनं काढ, मंग देसू."

आधी स्वतःचा चेहरा काढ, मग देईन, हे मला ढोंग वाटलं, स्पष्ट सांगते. आपली जागा कुणी घेऊ नये म्हणून माणसं असं काहीतरी मोठं बोलतात. मी त्यानंतर चेहऱ्याचं विचारणं सोडून दिलं आणि निऱ्या काढत राहिले. मग त्यांचे पाय सुजायला लागले, डायलिसिस सुरू झालं, येणं कमी झालं... नवागामला शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला माझी नवी डिझाइन फोनवर दाखवायला लावली, फोन आडवा धरून, पदर होता म्हणून. एका बाईचं मनगट त्यांना कडक वाटलं. चेहऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या गेल्या तेव्हा लग्नसराईची एक फाइल अर्धी पडली होती. पदरावर पाच बायका, सगळं अंग तयार, सगळं माझं, आणि मानेवर नुसते कोरे गोल. पार्टीला मंगळाबेनचेच फेस हवे होते. शेठ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू करी नाख. कोईने खबर नहीं पडे." कुणाला कळणार नाही. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते असं मिळालं. मी ताईंच्या जुन्या फायली शेजारी उघडून ठेवल्या आणि चेहरे काढले. हनुवटी तीच, बुबुळ तसंच कोपऱ्यात, ओठ तेच. बटण दाबून उलटं करून पाहिलं, भिंतीला टाचून कूलरपाशी उभं राहून पाहिलं. हुबेहूब झाले होते. पार्टीनं पास केलं, माल छापला गेला, कुणालाही खबर पडली नाही. मला आनंद झाला नाही, वाईटही फारसं वाटलं नाही. काम झालं, एवढंच वाटलं.

तयार साड्यांतली एक शेठनी आण्णांना द्यायला सांगितली. "मंगळाबेनची शेवटची डिझाइन आहे म्हणून सांग," म्हणाले. मी गेले. आण्णांनी साडी खाटेवर उलगडली, पदर हातात घेतला आणि तो खाटेच्या कडेवरून खाली सोडला, बायका उभ्या राहतील असा. मी शेठनी सांगितलेलं वाक्य म्हटलं. आण्णा बराच वेळ वाकून बघत होते. आयुष्य लूमवर काढलेला माणूस, चित्राबद्दल त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हाई तोंड तिनं नई," ते म्हणाले.

मी पदराची मुडपलेली कड सरळ करू लागले.

"तिन्या बाया रागे भरेल दिसेत. बठ्ठ्या. मी तिले म्हणे, एखादी तर हसती काढ." त्यांनी एका चेहऱ्यावर अंगठा ठेवला. "हाई कोनावर रागे नई. तुनं शे ना?"

मी खाली बसून पाहिलं. खरंच होतं. ताईंच्या सगळ्या बायका कुणावर तरी चिडलेल्या असायच्या, महिनोन् महिने गिरवूनही मला ते दिसलं नव्हतं. माझ्या या पाचजणी कुणावरच चिडल्या नव्हत्या. मी ठरवून काढलं नव्हतं, उलट तसं होऊ नये म्हणून जपून काढलं होतं.

"हो आण्णा, माझं आहे," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

आण्णांनी मला रडू दिलं. मग त्यांनी साडीची घडी घातली आणि ताईंचं कपाट उघडलं. आत सगळ्या साध्या साड्या होत्या, एकीवरही फिगर नाही. दिवसभर बाया बघून कंटाळा यायचा तिला, म्हणाले. त्या साध्या साड्यांवर त्यांनी ही ठेवली आणि कपाट लावून घेतलं. मला माझा चेहरा सापडला होता, आणि ज्यांना तो दाखवायचा त्या ताई आता नव्हत्या.