हळद लावलेलं कार्ड
हळद शिजायला लागली की आमचं सगळं कुरुंदा गाव खूश असतं, आणि मला तो वास घशाशी येतो. आईने तारेला टोचून जपलेली जुनी पोस्टकार्डं शहरातला एक चित्रकार चित्रात लावायला घेऊन गेला होता. वसमतला प्रदर्शन भरलं तेव्हा आई ठेवणीतलं पातळ नेसून हौसेने आली. मोठ्या फळीवर कार्डं चिकटवलेली, आणि रंग खुलावा म्हणून त्याने प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यांना हळद लावलेली, लग्नपत्रिकेला लावतात तशी. त्यांत आजोबा गेल्याची खबर देणारं मामाचं कार्डही होतं. असलं कार्ड वाचून लगेच फाडायचं असतं, पण आईला तेवढं फाडवलं नव्हतं. "माझा बाप मेल्याच्या कार्डाला हळद काहून लावली?" तिने विचारलं. "काकू, चित्रात सगळं चालतं," तो हसला. आईने पुढे होऊन ते कार्ड ओढलं. अर्धं तिच्या मुठीत आलं, अर्धं फळीवरच राहिलं. आज कुणीतरी मोबाइलवर त्या चित्राचा फोटो पाठवलाय, मुंबईत बक्षीस मिळालं म्हणून. परीक्षकांना म्हणे ते फाटलेलं कार्डच सगळ्यात जास्त भिडलं. खाली सही त्याची आहे.