बंड्यासाठी जिन्यावर सतरंजी

मंडळी, सोसायटीच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितोय.

आमचा कुत्रा बंड्या म्हातारा झालाय. सांधे दुखतात, सारखा येरझाऱ्या घालतो, आपलं दार विसरतो. मुलुंडचे डॉक्टर म्हणाले, घसरू देऊ नका. म्हणून जिन्यावर गोणपाट टाकलं होतं. आज सकाळी सेक्रेटरींनी ते कचऱ्यात फेकलं. बंड्या गडगडत खाली आला, कळवळला.

मी सोसायटीची सत्यनारायणाची सतरंजी जिनाभर अंथरली आणि कठड्याला सुतळीने बांधली.

"अहो, पूजेची आहे ती!" सेक्रेटरी ओरडले.

"मग चपला काढून चढा."

त्यांनी काढल्या. पुढे बंड्या होता. कुठे जायचं ते विसरून तो मध्येच थांबला. मी त्याला घाई केली नाही. सेक्रेटरी चपला हातात घेऊन मागे ताटकळले. मला बरं वाटलं.

सतरंजी उद्याही तिथेच असेल. सोडवायला कोण येतंय?