रहिमा बोलली ते मला कळलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आणि आईला तर मुळीच नाही. आज सकाळपासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे — एकदा कुकर बंद करायला, एकदा दार बघायला, एकदा उगाचच. बसवतच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी आशा सेविका. नालासोपाऱ्यात, आचोळ्याच्या बाजूच्या चाळींमध्ये घरोघर फिरते. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराचा डोस राहिलाय, कुणाचा खोकला थांबत नाही — हे बघायचं आणि माणसाला दवाखान्यापर्यंत आणायचं. बायका मला ताई म्हणतात. विश्वास ठेवतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचंय ते त्या विश्वासाबद्दलच आहे.

पण आधी आईबद्दल सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, मी सुरुवातच चुकवली.

माझं माहेर निर्मळ गावचं. केळीची वाडी, थोडा भाजीपाला. बाबा तरुणपणी कलकत्त्याला गोदीत फिटर होते. तिथे त्यांनी आईशी लग्न केलं आणि तिला गावी आणलं. तिचं नाव सुमन ठेवलं. आधीचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. गावाला सांगितलं, कलकत्त्याची आहे, आईबाप नाहीत. त्यातलं आईबाप नाहीत एवढं खरं होतं. ती लहान असताना चुलत्याचं बोट धरून, माणसांच्या लोंढ्यातून इकडे, भारतात आली. एक मोठी नदी होती म्हणते. तिचं घर त्या नदीच्या या काठाला की त्या काठाला, बर्मात की बांगलादेशातल्या चाटगावाकडे — तिलाही नक्की सांगता येत नाही. कोण सांगणार होतं तिला?

आई आमच्या वाडीतल्या बायकांसारखं मराठी बोलते, हेल काढून. पण मी लहान असताना स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असलो की तिची बोली यायची. भात ढवळताना, माझे केस विंचरताना. लेकराला ती फुआ म्हणायची. आत्या ओटीवर आली की आईचं तोंड बंद. नुसतं बोट ओठांवर ठेवायची, आणि मीही गप्प. भावाला ती बोली कधी आलीच नाही. मला आली. बाहेर ती कधी बोलायची नाही, हेही मला त्याच स्वयंपाकघरात आलं.

आज आईकडे सगळी कार्डं आहेत, बाबांनी करून ठेवलेली. पण जन्म कुठला, असं कुणी खोदून विचारलं तर? मी लग्न होऊन इकडे आल्यापासून हे भय माझ्यासोबत आहे. बातम्या लागल्या की मी चॅनल बदलते. कुणी बांगलादेशी हा शब्द काढला की मी पाणी प्यायला उठते. आहे का काही अर्थ? — असो. हे कारण म्हणून सांगत नाही. ते कारण नव्हतंच, हे पुढे तुमच्या लक्षात येईल.

रहिमा आमच्या भागात आली तेव्हा तिला सातवा महिना होता. नवरा भंगार वेचायचा. चाळीच्या टोकाला, पत्र्याची खोली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती आत कुणाशी तरी बोलत होती, आपल्या लहान मुलीशी. मी दारात चप्पल काढत होते, ती हातातच राहिली. माझ्या आईचा आवाज होता तो. आवाज नाही — बोली. तोच चढ, तोच उतार. इतक्या वर्षांत आईच्या तोंडाबाहेर मी ती कधी ऐकली नव्हती.

मग मी हिंदीत विचारलं, कितवा महिना. तिला हिंदी येत नव्हती. नवरा आला, मोडक्या हिंदीत म्हणाला, हम लोग बर्मा का है. आधार नहीं है. शेजारीण दारातून ऐकत होती. मी नाव लिहून घेतलं आणि निघाले. पुढच्या घरी काय विचारलं, मला आठवत नाही.

त्यानंतर मी तिच्याकडे कमी गेले. टाळलं, असंच म्हणा. इतर बायकांच्या घरी मी चहा घ्यायचे, तिच्या दारातूनच परत फिरायचे. मला भीती वाटायची की मी चुकून बोलून बसेन. जीभ आपणहून वळते, तुम्हाला माहीत आहे?

मग तो दिवस.

लसीकरणाचा दिवस होता. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, पोरं रडतायत, डॉक्टर मीटिंगला गेलेले. रहिमा एकटीच आली. नववा लागला होता. ओळ सोडून थेट टेबलापाशी आली आणि सिस्टरशी बोलायला लागली — भराभर, धापा टाकत. पोटावर हात ठेवायची आणि मान हलवायची, नाही, नाही.

सिस्टर वाईट नाहीत. त्या दिवशी सकाळपासून त्या पाणीही प्यायल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अगं कार्ड कुठाय तुझं? गरोदर बायकांचा वार वेगळा आहे. नवऱ्याला घेऊन ये." ती बोलतच राहिली. शेवटी सिस्टरनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमच्या एरियातली ना ही? काय म्हणतेय?"

ती म्हणत होती, बाळ हलत नाही. काल रात्रीपासून हलत नाही. आधी लाथा मारायचं, आता दगडासारखं झालंय. ती म्हणत होती, हात लावून बघा. फुआ, फुआ म्हणत होती.

मी म्हणाले, "काय माहीत. बंगाली वाटतं. मला नाही कळत."

सिस्टरनी तिला हाताने खुणावलं, उद्या ये. आणि पुढचं पोर घेतलं.

एवढंच असतं तर — तर कदाचित मी स्वतःला गर्दीच्या, सिस्टरच्या, शेजारणींच्या आड लपवलं असतं. चार लोकांसमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही, असं म्हटलं असतं. पण एवढंच नव्हतं. आता खरं सांगते.

मी तिच्या मागोमाग बाहेर गेले. का गेले? बोलायलाच गेले होते, अजूनही मला तसं वाटतं. दवाखान्यामागे एक बोळ आहे, तिथे कुणी नसतं. ती भिंतीला टेकून उभी होती. मला बघून सरळ झाली आणि तिच्या बोलीत हळूच म्हणाली, "तुला कळतं. मी बोलले तेव्हा तुझं तोंड बदललं. तू सांग ना त्यांना."

बोळात कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं. तिला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलला नेता आलं असतं, सोबत बसून सगळं सांगता आलं असतं. माझं रोजचं कामच ते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "क्या बोलती है? समझता नहीं मेरे को."

तिने पदर सारखा केला आणि चालायला लागली. मी आत येऊन पोरांची वजनं घेतली.

बाळ दुसऱ्या दिवशी खोलीतच झालं, मेलेलं. शेजारणीने सांगितलं. आदल्या दिवशी नेलं असतं तर वाचलं असतं का? सिस्टरना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कधी वाचतं, कधी नाही. म्हणजे वाचलंही असतं.

बाळंतिणीला भेटायला जाणं माझं कामच होतं. गेले. ब्लड प्रेशर घेतलं. तिने हात पुढे केला, मी पट्टा बांधला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुलगी दाराशी बसून शेंगदाणे खात होती. मी हिंदीत सांगितलं, गोळ्या घे, अंगावरून जास्त जात असेल तर ये. थोड्या दिवसांनी खोलीला कुलूप दिसलं. कुठे गेले, चाळीत कुणाला माहीत नाही.

इथे थांबावंसं वाटतं. पण अजून आहे.

मागल्या वर्षी आम्हा आशा सेविकांचं आणि अंगणवाडीच्या बायकांचं एक प्रशिक्षण झालं. कुठल्याच देशाने आपलं न म्हटलेली माणसं कशी ओळखायची, त्यांना मदत कशी करायची, यावर. शिकवायला एक तरुण मुलगी आली होती, फार कळकळीची. ती म्हणाली, आधी कागद मागू नका, आधी काय दुखतंय ते विचारा. उपचार कागदासाठी अडत नाहीत. पोलिसांचं काम आपलं नाही. त्यांची भाषा बोलणारं माणूस शोधा. मग तिने विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला येते का अशी भाषा?"

मी पंख्याकडे बघत बसले.

आणि तेवढ्यावरही भागलं नाही. अनुभव सांगा म्हटल्यावर मी हात वर केला. मी! उभी राहून सांगितलं — आमच्याकडे एक बाई होती, बाळ हलत नाही म्हणून सांगायला आली असावी, पण भाषेमुळे आम्हाला कुणालाच कळलं नाही, फार वाईट वाटलं. बोलताना माझे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या मुलीने टाळ्या वाजवायला लावल्या. आता ती माझं उदाहरण इतर ठिकाणीही सांगते. विरारच्या एका आशा सेविकेने मला फोन करून सांगितलं, तुमची गोष्ट ऐकून रडू आलं हो.

रहिमाचं बोलणं कळणारं तिथे कुणी नव्हतं, असं आता कितीतरी बायका समजून आहेत. मी समजावून दिलं त्यांना.

या उन्हाळ्यात दवाखान्यात एक बाई आली. वयस्कर, सोबत नातू, पोराला जुलाब. बोलायला लागली आणि माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघून गेलं, "कधीपासून?" ठरवलं नव्हतं. सिस्टरनी मान वर केली.

"अगो बाई, तुम्हाला येतं हे? कुठे शिकलात?"

"आईकडून," मी म्हणाले.

"बरं झालं. विचारा तिला, उलटी पण होते का. आणि ओआरएस कसं बनवायचं ते नीट समजावा."

बस. एवढंच झालं. कुणी वळून बघितलं नाही, कुणी विचारलं नाही, आईच्या दारात कुणी आलं नाही. मी पोराच्या आजीला सगळं समजावलं. ती माझा हात धरून बोलत होती. सिस्टर केसपेपरवर लिहीत होत्या. मला वाटलं, आता त्या थांबतील, मान वर करतील आणि म्हणतील — म्हणजे ती तेव्हाची बाई काय म्हणत होती, ते तुम्हाला —

त्या नाही म्हणाल्या. जेवताना मीच विषय काढला, ती भंगारवाल्याची बायको आठवते का? सिस्टरनी घास घेतला, जरा विचार केला. "नाही हो. कोण?"